बालवाडीतली ‘वाडी’ मे महिन्यात कोण सांभाळतं?

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण राजे-लढाया-तह यांचा नाही. आज लहान मुलांची शाळा, दुष्काळ आणि झाडं, असा तिहेरी विषय आहे. गाव आपलंच, सोलापूर.

सुरुवात एका शब्दापासून करू. किंडरगार्टन. आपण ‘केजी’ म्हणून मोकळे होतो. ‘पोरगं केजीत आहे, ज्युनियरला की सिनियरला?’ बस. पण मूळ जर्मन शब्दाचा अर्थ सरळ आहे : मुलांची बाग. आणि आपला मराठी शब्द बघा, बालवाडी. कोकणातल्या माणसाला ‘वाडी’ म्हटलं की नारळी-पोफळीची वाडी आठवते. म्हणजे बागच. शाळेच्या पहिल्या पायरीच्या नावात, जर्मनीतही आणि आपल्याकडेही, बाग आहे. आता तुमच्या ओळखीच्या कुठल्याही केजीत जाऊन बघा. भिंतीवर सफरचंदाचं चित्र असेल, फायबरची घसरगुंडी असेल, खाली हिरवं प्लॅस्टिकचं गवत असेल. नावातली बाग मात्र नसेल.

ती गेली कुठे, आणि सोलापुरासारख्या कोरड्या गावात ती टिकायची असेल तर काय लागतं, हेच आज बघायचंय.

हा शब्द ज्याने दिला त्याचं नाव फ्रिडरिख फ्रोबेल. जन्म १७८२, जर्मनीतल्या थुरिंगिया भागात. हा माणूस शिक्षक होण्याआधी वनखात्याच्या कामाची उमेदवारी करून आला होता. पुढे बर्लिनच्या संग्रहालयात स्फटिकांची मांडणी करायचा. म्हणजे झाड आणि दगड दोन्ही हाताळलेला माणूस. १८३७ मध्ये त्याने बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. आता हे नाव नुसतं गोड वाटावं म्हणून नव्हतं हं. त्याच्या योजनेत खरीखुरी बाग होती. प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा. त्यात त्याने हवं ते लावायचं. जागा कमी असेल तर दोघांत एक वाफा. आणि या छोट्या वाफ्यांच्या भोवती सगळ्यांचे मिळून सामाईक वाफे : फुलं, भाजी, धान्य. मांडणीतच एक विचार आहे. माझा तुकडा मधे, आणि त्याला चहूबाजूंनी सगळ्यांची बाग सांभाळते.

गंमत म्हणजे प्रशियाच्या सरकारला हे इतकं धोकादायक वाटलं की १८५१ मध्ये त्यांनी किंडरगार्टनवर बंदीच घातली. फ्रोबेलच्या पुतण्याची राजकीय मतं जहाल होती, आणि सरकारने काका-पुतण्यांची गल्लत केली असं सांगतात. फ्रोबेल पुढच्याच वर्षी, १८५२ मध्ये गेला. बंदी उठली १८६० ला. पण तोवर त्याच्या शिष्या आणि चाहते ही कल्पना घेऊन देशोदेशी गेले होते. अमेरिकेत ती चांगलीच रुजली. आणि अमेरिकेतून ती आपल्याकडे आली, मिशनऱ्यांच्या सामानातून.

आता सोलापूरकडे येऊ. आणि इथे ‘बाग’ या शब्दाचा संदर्भच बदलतो.

थुरिंगियात उन्हाळ्यातही पाऊस पडतो. सोलापूर पर्जन्यछायेत. या गावाचा इतिहास एका अर्थाने पाण्याचाच इतिहास आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची परंपराच बघा. त्यांनी आणि त्यांच्या अनुयायांनी श्रमदानाने तलाव खोदला, असं परंपरा सांगते. आज गड्ड्याच्या यात्रेला आपण ज्या सिद्धेश्वर तलावाकाठी जातो, तोच. पुढे इंग्रजांच्या काळात गावाच्या ईशान्येला एकरुखचा तलाव बांधला, १८७१ मध्ये पूर्ण झाला. आपण त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो. तो होऊन पाच वर्षं झाली नाहीत तोच १८७६ चा मोठा दुष्काळ आला. दख्खनमध्ये ज्या जिल्ह्यांना सगळ्यात जास्त झळ बसली त्यांत सोलापूर होतं. १८७२ आणि १८८१ च्या जनगणनांमध्ये जिल्ह्याची लोकसंख्या एक लाखाहून जास्त घटलेली दिसते. काही माणसं मेली, काही गाव सोडून गेली. मग १८९६-९७ चा दुष्काळ. तो सरतोय तोवर १८९९-१९०० चा.

या शेवटच्या दोन दुष्काळांनी महाराष्ट्रात अनाथ मुलांचा मोठा प्रश्न उभा केला. पंडिता रमाबाईंनी केडगावला दुष्काळातल्या मुली-बायका आणल्या, ते आपल्याला माहीत असतं. तसंच काम ठिकठिकाणी मिशन करत होती. सोलापुरात होती अमेरिकन मराठी मिशन. ही मंडळी १८१३ मध्ये मुंबईत उतरली, १८३१ पासून अहमदनगर त्यांचं मोठं केंद्र झालं, आणि तिथून ती सोलापूरपर्यंत आली. दुष्काळानंतर त्यांच्या आवारात अशी मुलं राहू लागली ज्यांना परत जायला घरच नव्हतं.

आणि याच काळात, विसाव्या शतकाच्या तोंडावर, सोलापुरात किंडरगार्टन उभं राहिलं. ते चालवणाऱ्या बाईंचं नाव मेरी बी. हार्डिंग. सोलापूरकरांना हे नाव शाळेच्या पाटीमुळे ओळखीचं आहे. पण त्या काळाचं चित्र जरा डोळ्यांसमोर आणा. ज्या मुलांचे आई-बाप पाऊस पडला नाही म्हणून गेले, त्या मुलांच्या शाळेचं नाव काय? तर ‘मुलांची बाग’. जर्मनीत या शब्दात हौस होती. इथे त्यात गरज होती. बी पेरलं की उगवतं, हे फ्रोबेलच्या मुलांना नवलाचं वाटलं असेल. सोलापुरातल्या त्या मुलांना बी पेरूनही उगवत नाही हे आधीच माहीत होतं.

त्याच मिशनच्या परिसरात निसर्गाकडे बघायची नजर आधीपासून होती, तेही सांगतो. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याला सॅम्युअल बेकन फेअरबँक नावाचे मिशनरी होते. ते पक्ष्यांचा अभ्यास करायचे. दक्षिणेतल्या पळणीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही ‘फेअरबँकी’ आहे, १८६९ साली दिलेलं. त्याच मिशनचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये सुरू झालं. आणि नगरलाच राहायचे रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांना आपण फुलामुलांचे कवी म्हणतो. फुलं आणि मुलं एका शब्दात! आपले निसर्गकवी बालकवी याच टिळकांच्या घरी राहिले. म्हणजे मराठी ख्रिस्ती जगात मुलं आणि झाडं यांची जोडी नवी नाही, बाहेरून चिकटवलेली तर नाहीच. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात माणसाला बागेत ठेवलं जातं ते तिची मशागत आणि राखण करायला. ‘राखण’ हा शब्द लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता एक उडी मारू. सोलापूरहून पालघरकडे, १९४५ साली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला काम सुरू करतात, १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर जातात. हे मिशनचं काम नव्हे, वेगळा प्रवाह आहे. पण आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे सापडतं. माँटेसरीची साधनं महाग, ती आदिवासी पाड्यात कुठून आणणार? मग या दोघींनी शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या वापरल्या. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत? मग शाळाच कुरणावर नेली. तिचं नाव कुरणशाळा. अंगणात भरवली ती अंगणवाडी. हाच शब्द पुढे १९७५ मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेमुळे देशभर गेला.

आज ज्याला आपण मोठ्या थाटात ‘सस्टेनेबल’ म्हणतो ते त्यांनी काटकसर म्हणून केलं होतं. पण खरी गोष्ट त्याहून मोठी आहे. त्यांनी शाळेचं वेळापत्रक पोरांच्या दिवसाला जुळवून घेतलं, उलट नाही. हे वाक्य जपून ठेवा, कारण झाडांच्या बाबतीत आपण नेमकं हेच केलेलं नाही.

पुढचा टप्पा कायद्याचा. १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पर्यावरण हा विषय शिक्षणात आलाच पाहिजे. २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा त्याची अंमलबजावणी मागितली. आपण शाळेत ‘परिसर अभ्यास’ शिकलो, राष्ट्रीय हरित सेनेचे बिल्ले लावले, पाच जूनला घोषणा दिल्या. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटचा हरित शाळांचा कार्यक्रम आहे. त्यात मुलंच आपल्या शाळेचं ऑडिट करतात : हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी आणि कचरा. मला हा प्रकार आवडतो, कारण त्यात भाषण नाही, मोजणी आहे. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणावर ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढलं, त्यानंतर जगभरच्या कॅथलिक शाळांत हा विषय आणखी जोराने आला. म्हणजे कायदा आहे, अभ्यासक्रम आहे, धर्माचा आधारही आहे.

मग झाडं का मरतात?

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना कळते : लाँचच्या दिवशी केक कापला जातो, मेंटेनन्सच्या दिवशी कोणी नसतं. शाळेतल्या झाडाचंही तसंच आहे. आता कॅलेंडर उघडा आणि माझ्याबरोबर बघा.

जागतिक पर्यावरण दिन ५ जून. हा दिवस का? कारण १९७२ ची स्टॉकहोम परिषद त्या दिवशी सुरू झाली. स्टॉकहोममध्ये जून म्हणजे उजेडाचा, हिरवा महिना. आणि आपल्या शाळा उघडतात जूनच्या मध्याला. म्हणजे ५ जूनला शाळेत मुलंच नसतात! बरं, झाड जून-जुलैत लावलं, पावसाने जगवलं, हिवाळा निघाला. मार्चपासून ऊन चढतं. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळीसच्या वर ठाण मांडून बसतो. कडुनिंबासारख्या काटक झाडालाही रोप असताना पहिले दोन-तीन उन्हाळे आधार लागतो. आणि नेमकी तेव्हाच शाळेला सुट्टी.

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान २०० दिवस कामाचे सांगितलेत. वर्ष ३६५ दिवसांचं. उरले १६५. झाड मात्र ३६५ दिवस जगतं. झाडाला सगळ्यात जास्त गरज ज्या दिवसांत असते ते या १६५ मध्ये येतात. हा काही कोणाचा आळस नाही, वेळापत्रकच तसं आहे. आणि म्हणून दर वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप लागतं, नवा फोटो निघतो.

‘अहो पण सोलापुरात पाणीच कुठंय?’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात माणसांआधी झाडांना पाणी द्या असं कोणी म्हणणार नाही. पण आकडेमोड करून बघू, घाबरू नका, प्राथमिक शाळेचंच गणित आहे.

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर १५० चौरस मीटर धरू. एका चांगल्या सरीत २० मिलिमीटर पाऊस झाला तर छपरावर ३,००० लिटर पाणी आलं. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरला तर ७५,००० लिटर. आता खर्च. वीस रोपं. प्रत्येकाला एका वेळी ५ लिटर, आठवड्यातून दोनदा. म्हणजे आठवड्याला २०० लिटर. सुट्टीचे सहा आठवडे, एकूण १,२०० लिटर. एका सरीच्या निम्म्याहूनही कमी! दोन हजार लिटरची एक काळी, झाकणाची टाकी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसावर भरून ठेवली तर मे निघतो. बुडाशी बारीक भोक पाडलेलं मडकं रोपाजवळ पुरलं, आणि वाळलेला पाला जाळण्याऐवजी आळ्यात अंथरला, तर याहूनही कमी पाण्यात भागतं.

आणखी एक. पोषण आहारानंतर मुलं ताटं धुतात. शंभर मुलं, एक-एक लिटर, रोज १०० लिटर. २०० दिवसांचे २०,००० लिटर. ते गटारात न जाता परसबागेत वळवलं की कोथिंबीर-पालकाची सोय होते. फक्त साबणाचा मारा कमी ठेवायचा.

म्हणजे हिशोब काय सांगतो? पाणी कमी पडतंय असं आपण म्हणतो, पण इथे कमी पडतोय तो मे महिन्यात टाकीची तोटी उघडणारा माणूस.

आता परत शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाऊ. मिशनच्या आवारातल्या त्या अनाथ मुलांना मे महिन्यात कुठे जायचं होतं? कुठेच नाही. आवार हेच त्यांचं घर. त्यांना उन्हाळ्याची सुट्टी होती, पण गावी जाणं नव्हतं. आज आपल्या मुलांना मामाचं गाव आहे, ही केवढी चांगली गोष्ट! ते दिवस परत यावेत असं कोणीही म्हणू नये. जुन्या शाळांच्या हिरव्या आवाराचं कौतुक करताना मात्र हे लक्षात ठेवायला हवं : आवारात बारा महिने माणसं राहत होती, म्हणून तिथे राखण होती. त्यातली काही माणसं तिथे होती कारण त्यांच्याकडे दुसरं काहीच उरलं नव्हतं. आपल्याला राखण हवी आहे, ती लाचारी नको. मग ती राखण नव्याने बसवावी लागणार.

आणि इथे ख्रिस्ती प्राथमिक शाळेकडे एक गोष्ट आहे जी बाकीच्यांकडे सहसा नसते. शेजारचं चर्च. शाळा २०० दिवस भरते, पण रविवार वर्षाला बावन्न, आणि मे महिन्यात चर्चला कुलूप लागत नाही. उलट अनेक मंडळ्यांत मुलांसाठी सुट्टीतली बायबल शाळा भरते, तीही बहुतेक उन्हाळ्यातच. म्हणजे नेमकी ज्या दिवसांत शाळा रिकामी, त्या दिवसांत शेजारी मुलं जमलेली. पाण्याची पाळी तिथे लावली तर? रविवारी उपासना झाली की दहा मिनिटं, बुधवारी कंपाउंडमधल्या दोन घरांकडे. नवीन समिती नको, निधी नको. फ्रोबेलच्या नकाशात हेच होतं ना : मुलाचा वाफा मधे, भोवती सगळ्यांचा.

आणि शाळेत फक्त ख्रिस्ती मुलं थोडीच असतात? पद्मशाली, लिंगायत, मुसलमान, मराठा, बौद्ध, सगळी एका बाकावर. त्यामुळे पाळीही सगळ्यांची. कुणी रविवारी, कुणी शुक्रवारी, कुणी सोमवारी सिद्धेश्वराला जाता-जाता. मुलगा गावी गेला असेल तर शेजारचा काका. सोलापुरातल्या तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी सगळ्या बोलींत ‘झाडाला पाणी घाल’ हे सांगता येतं.

हे फक्त मिशन शाळेपुरतं नाही. आपल्याच जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळवून जगभर गाजले. क्यूआर कोडची पुस्तकं सगळ्यांना माहीत आहेत. पण पुरस्कार देणाऱ्या संस्थेने त्यांच्या कामाची ओळख करून देताना गावाचं हिरवं क्षेत्र दहा वर्षांत २५ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर गेल्याचंही नोंदवलं होतं. त्या नोंदीतला माझा आवडता शब्द ‘दहा वर्षं’. दहा वर्षं म्हणजे दहा मे महिने.

तेव्हा मंडळी, तुमच्या ओळखीची कुठलीही शाळा ‘आम्ही यंदा शंभर झाडं लावली’ म्हणाली तर टाळ्या जरूर वाजवा. मग एकच प्रश्न विचारा : गेल्या मेमधून किती वाचली? उत्तर पाच असलं तरी लाजायचं कारण नाही. पाच खरी झाडं शंभर फोटोंपेक्षा सावली जास्त देतात. तो आकडा शाळेच्या फळ्यावर लिहा, तारखेसकट. पुढच्या जूनमध्ये त्याच्याखाली दुसरा आकडा लिहा. चौथीतलं पोरगंही त्याचा आलेख काढेल, आणि परिसर अभ्यासाचा तो सगळ्यात खरा धडा होईल.

आजच्या भागात एवढंच. तुमच्या शाळेच्या आवारातलं सगळ्यात जुनं झाड कोणतं, आणि उन्हाळ्यात त्याला पाणी कोण घालायचं, हे मला व्हॉइस नोट करून नक्की सांगा. शिपाईमामा असतील, मावशी असतील, एखाद्या बाई असतील. अशा माणसांची नावं शाळेच्या पाटीवर नसतात, पण बालवाडीतली वाडी त्यांनीच राखली. भेटू पुढच्या भागात. तोवर पाण्याची बाटली बरोबर ठेवा, आणि तळाशी उरलेलं पाणी बेसिनमध्ये नको, कुंडीत ओता!